जागा आहे का, विचारून या

तोआमासिनाच्या धक्क्यावर ती पत्र्याची ट्रंक बोटीत चढवायला दोन हमाल लागले आणि फळीवर पाय टेकताना दोघेही कण्हले. एकाने विचारलंच, की बाई, आत लोखंड भरलंय की काय. लग्नाची भांडी आहेत, असं सोआमेना म्हणाली, आणि इतकं सरळ खोटं आपल्याला जमलं याचं तिलाच नवल वाटलं. ट्रंकेत तिचा भाऊ होता.

तोंबोला जाऊन नऊ वर्षं झाली होती. बंदरात हमाली करता करता तो तापाने गेला आणि शहराने त्याला परक्यांच्या रांगेत पुरला. परवा सकाळी त्याला वर काढला, पांढऱ्या कापडात गुंडाळला, वरून चटई बांधली. उकरणारा म्हातारा अनुभवी होता. तो म्हणाला, हाडांना काय वजन असतं, कोंबडीच्या खुराड्याएवढं. जड लागतो तो हाडांवर बसलेला माणूस. ट्रंक जड लागली तर समजायचं, तो यायला तयार आहे. म्हणून हमाल कण्हले तेव्हा सोआमेनाच्या जिवात जीव आला.

येत्या शनिवारी आपल्या गावी, आंबिनानीला, घराण्याच्या दफनाच्या जागेत, बापाशेजारी त्याला ठेवायचं ठरलं होतं. दिवस वडीलधाऱ्यांनी काढलेला, म्हणजे तो हलणार नव्हता. आईची दृष्टी केव्हाच गेली होती, वय ऐंशीच्या पुढे. पोराच्या कपाळावरून हात फिरवल्याशिवाय मी मरत नाही, असं तिने सगळ्या गावाला बजावून ठेवलं होतं, आणि ती बोलल्याप्रमाणे वागणारी बाई होती.

कालव्यावरून मेलेला माणूस घरी न्यायचा तर त्याची एक रीत आहे आणि ती इकडे सगळ्यांना पाठ असते. मेलेल्याला दिसत नाही, फक्त ऐकू येतं. बोट कुठेही लागली की नावाडी गावाचं नाव घेऊन ओरडतो, 'आलं गाव, उतरा.' ते ऐकून मेलेलाही उतरतो. गरीब स्वभावाचा असला तर पहिल्याच हाकेला उतरतो, आणि मग त्या अनोळखी घाटावर बसून राहतो. म्हणून बोटीत तसा माणूस असला की नावाडी ओरडत नाही. तो अनवाणी पुढे येतो, पेटीवर हात ठेवतो आणि हलक्या आवाजात सांगतो, की हे अमुक गाव, हे तुझं नव्हे, बसून राहा. थोडी रम पाण्यात सोडतो. ती मोठी हाक फक्त घरच्या घाटावर द्यायची.

पण मग त्या बोटीत दुसरे उतारू बसत नाहीत, डुकराचं मांस चढत नाही, आणि सगळी बोट एकट्याने करावी लागते. सोआमेनाला ते परवडणारं नव्हतं, असं तिने स्वतःला सांगितलं होतं. ते अर्धंच खरं होतं.

उरलेलं अर्धं सुकाणूपाशी पाइप ओढत बसलं होतं. बोतोझारा. साठीचा, रुंद हाडाचा, बोलायला फटकळ. त्या आठवड्यात दक्षिणेकडे जाणाऱ्या तीन बोटींपैकी एकीचं इंजिन उघडून ठेवलेलं, दुसरीत डिझेलची पिंपं. राहिली ती बोतोझाराची. त्याने तिला लांबूनच ओळखलं.

"फाराची आई, शहरात कुठे वाट चुकलीस?" त्याने विचारलं. पुतणीच्या लग्नाची खरेदी, असं तिने सांगितलं आणि ट्रंकेला टेकून बसली.

नऊ वर्षांपूर्वी याच माणसाने आंबिनानीच्या घाटावरून वर चढून तिला निरोप आणून दिला होता. तोंबोचा निरोप. घरात जागा आहे का, एवढाच. त्याआधी तीन वर्षं तोंबो घरातून गेला होता, बापाची आठ लवंगेची झाडं कुणाला न विचारता विकून, कोंबड्यांच्या झुंजीत उडवून. सोआमेना घरातली थोरली. त्या आठ झाडांचा राग तिच्या डोक्यातून उतरला नव्हता. तिने निरोप ऐकला आणि उत्तर दिलं नाही. नाही म्हणाली नाही, हो म्हणाली नाही. पुढच्या खेपेला बोतोझाराने पुन्हा विचारलं, काही उत्तर? तिसऱ्या खेपेलाही विचारलं. ती कपडे पिळत राहिली. चौथ्या खेपेला त्याने निरोप आणला नाही, तोंबो गेल्याची बातमी आणली. आईला तिने या निरोपाबद्दल चकार शब्द सांगितला नव्हता. एकदा तरी विचारलं असतं पोराने, असं आई म्हणायची, आणि सोआमेना मूग गिळून बसायची. बोतोझाराला ट्रंकेत कोण आहे हे सांगायचं, म्हणजे ते सगळं त्याच्या डोळ्यांत पुन्हा बघायचं. त्यापेक्षा लग्नाची भांडी बरी.

बुधवारी सकाळी बोट सुटली. भाताची पोती, सिमेंट, पत्र्याच्या गुंडाळ्या, आणि वर अकरा उतारू. त्यांत टोपल्या विणणारी व्होआंगी म्हातारी होती, जी बसल्या जागी विणत होती आणि सगळ्यांवर लक्षही ठेवत होती. कालवा आधी रुंद, मग तळ्यात शिरलेला, मग पुन्हा सुतासारखा सरळ. जिथे सरळ तिथे तो माणसांनी खणलेला, वेठीला धरलेल्या माणसांनी, आणि खणता खणता मेलेले काठालाच राहिले. त्या पट्ट्यांतून जाताना गप्पा आपोआप थांबतात. दोन्ही बाजूंना अळवाच्या जातीची माणसाच्या उंचीची पानं उभी असतात आणि वारा नसला तरी त्यांतलं एखादं पान हलतं. तिकडे बोट दाखवायचं नाही, हे लहान मूलसुद्धा जाणतं.

पहिल्या दिवशी बोट पाच ठिकाणी थांबली. इव्होंद्रो, तांपिना, आणि मधली तीन लहान गावं, जिथे घाट म्हणजे दोन ओंडके. प्रत्येक ठिकाणी बोतोझारा छाती फुगवून ओरडायचा, आलं गाव, उतरा. त्याआधी सोआमेनाचा तळवा ट्रंकेवर असायचा. तुझं नव्हे, तोंबो, हे तुझं नव्हे, बसून राहा, असं ती ओठांतल्या ओठांत म्हणायची. रमची बाटली नव्हती, म्हणून कॉफीचा घोट पाण्यात सोडायची. व्होआंगीला वाटलं बाई फार देवभोळी आहे. तिने तसं बोलूनही दाखवलं, की भांड्यांना एवढं जपणारी बाई तिने पाहिली नव्हती, आणि उतारू हसले. हाताखाली पत्रा गार होता. उन्हात तापलेल्या बोटीत तेवढी एकच गोष्ट गार होती, आणि सोआमेनाला तो गारवा बरा वाटत होता. तो तिथे आहे, असं त्यातून कळत होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी आंबोदिमांगा आलं. लहानसं गाव, घाटावर आंब्याचं एक झाड आणि झाडाखाली मार्सेलीनचं खाणावळीचं छप्पर. तिच्या हातची तळलेली कोळंबी आणि केळ्याची भजी सगळ्या कालव्यावर प्रसिद्ध होती. वास अर्ध्या मैलावरूनच यायला लागला. कालपासून सोआमेनाच्या पोटात मूठभर भाताशिवाय काही गेलं नव्हतं.

कुणीतरी बोतोझाराची थट्टा करत होतं, की त्याचं इंजिन आणि त्याची पहिली बायको दोघीही चढावर बंद पडायच्या. तो गंभीर चेहऱ्याने म्हणाला, की बायको निदान ढकलल्यावर चालायची. सोआमेना हसली. नुसती हसली नाही, तिला हसू आवरेना, डोळ्यांतून पाणी आलं. कित्येक वर्षांत ती अशी हसली नव्हती. हसतच ती सगळ्यांच्या आधी फळीवरून उतरली, आणि तिच्या पाठीमागे बोतोझाराची हाक घुमली.

"आंबोदिमांगा! आलं गाव, उतरा!"

तिने ऐकलं. पण ऐकलं ते रोजच्यासारखं, उतारूने ऐकावं तसं. कोळंबी खाल्ली, वर करपलेल्या भाताचं गरम पाणी प्यायली, मार्सेलीनशी मिठाच्या भावावर बोलली. बोट सुटली तेव्हा पोट भरलेलं होतं आणि डोळे मिटत होते.

तासाभराने पंख्यात जलपर्णी अडकली. इंजिनवाला पाण्यात उतरला आणि बोट थोडी कलती करायची म्हणून बोतोझाराने सामान दुसऱ्या बाजूला सरकवायला सांगितलं. एक काटकुळा मास्तर सोआमेनाला म्हणाला, अक्का, सरका जरा, आणि त्याने कडी धरून ट्रंक उचलली. एका हाताने. ट्रंक इतकी सहज वर आली, की तो मागे तोल जाऊन पोत्यांवर बसला.

"भांडी कुणी नेली?" तो हसत म्हणाला.

सोआमेनाने ट्रंकेवर हात ठेवला. पत्रा तापलेला होता, बोटीतल्या बाकी सगळ्या पत्र्यांसारखा. आत हाडं खुळखुळली, सुक्या शेंगांसारखी, आणि तेव्हा तिला कळलं की ती हसत उतरली तेव्हा तोही उतरला. त्याला उतर म्हणाले, तो उतरला. जिवंतपणीही तो असाच होता. एकदा झाडं विकली तेवढीच त्याची मनमानी, बाकी सगळा जन्म त्याने सांगितलेलं ऐकण्यात घालवला.

ती उभी राहिली. सगळ्या बोटीसमोर बोलायचं होतं.

"बोतोदादा, बोट मागे घ्या. माझा माणूस आंबोदिमांगाला उतरलाय."

बोतोझाराने आधी उतारू मोजले. सगळे होते. मग त्याने ट्रंकेकडे पाहिलं, तिच्या हाताकडे पाहिलं, आणि तोंडातला पाइप काढला. मास्तर पोत्यावरून उठून लांब जाऊन उभा राहिला. ज्यांचे पाय ट्रंकेच्या दिशेने होते त्यांनी ते जवळ ओढून घेतले.

"कोण आहे?" बोतोझाराने विचारलं.

"तोंबो."

पाण्यात इंजिनवाला जलपर्णी उपटून फेकत होता, तेवढाच आवाज.

"म्हणजे मीच उतरवला त्याला. माझ्या तोंडाने," तो म्हणाला. "फुकट आणला असता मी त्याला, फाराची आई. तीन खेपा त्याचा निरोप आणला, एक खेप त्याला आणला नसता?"

सोआमेनाने मान खाली घातली. कुठला निरोप, असं कुणी विचारलं नाही, आणि तिला त्या क्षणी त्यांचे पाय धरावेसे वाटले. उतारूंत कुरकुर सुरू झाली. एकाला संध्याकाळच्या आत आंदेव्होरांतोला पोचायचं होतं, एकीच्या टोपलीत डुकराचं मांस होतं आणि तिला रडू फुटलं. त्यांना गप्प केलं व्होआंगीने. तिने विणणं बाजूला ठेवलं, ती मांसाची टोपली उचलून पाण्यात टाकली, बाईला आपल्याकडची नवी टोपली भरपाई म्हणून दिली, आणि सांगितलं की ज्यांना घाई आहे त्यांनी काठाने चालत जावं. आता घर येईपर्यंत या बोटीत ती हाक कुणी द्यायची नाही, हेही तिनेच बजावलं. कुणीही चालत गेलं नाही. काठाला ती पानं होती.

परत जाताना बोतोझाराने पाइप पेटवला नाही, सुकाणू धरून तो समोर बघत राहिला.

आंबोदिमांगाच्या घाटाला बोट लागली ती आवाज न करता. मार्सेलीन कढई घासत होती. तिने बोट पाहिली आणि हात पुसत पुढे आली, वैतागलेली.

"बरं झालं आलात. तुमच्या माणसाला विसरून गेलात की," ती म्हणाली. "बोट दिसेनाशी झाली तरी हलला नाही. मी म्हटलं, अरे गेली तुझी बोट. तर म्हणतो, मला उतरा म्हणाले, मी उतरलो."

तो कुठे आहे, असं सोआमेनाने विचारलं.

"हा काय, बाकावर." मार्सेलीन वळली. बाक रिकामा होता. "आत्ता तर होता. भात वाढू का म्हटलं तर नको म्हणाला. सारखं एकच, बोट परत आली तर जागा आहे का तेवढं विचारा. मी म्हटलं, असेल, त्यात काय विचारायचं?"

बाकाची फळी ओली होती, माणूस बसेल तेवढीच. खाली वाळूत पाणी ठिबकलेलं होतं. कढईखालची खरकटी टिपणाऱ्या कोंबड्या त्या जागेला वळसा घालून जात होत्या. मार्सेलीनने ते सगळं पाहिलं, मग सोआमेनाच्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि तिच्या हातातून घासणी गळून पडली.

सोआमेना बाकासमोर उभी राहिली. मागे बोटीतून सगळे बघत होते, आणि त्यांत बोतोझारा होता. काय म्हणायला हवं ते तिला नऊ वर्षांपासून ठाऊक होतं.

"तोंबो, चल," ती म्हणाली. "बोटीत जागा आहे."

बोटीत, असं म्हणाली. घरात म्हणायला तिची जीभ वळली नाही. ती पाठमोरी झाली आणि मागे न बघता चालू लागली, कारण अशा वेळी मागे बघायचं नसतं. फळीवर तिचा पाय पडला तशी फळी वाकली. ती बोटीत उतरली, फळी सरळ झाली. मग पुन्हा वाकली. व्होआंगीने डोळे मिटले. बोट एका बाजूला किंचित खाली गेली आणि स्थिर झाली, आणि ट्रंकेभोवतीच्या लाकडावर हळूहळू ओल पसरली.

त्यानंतर पुढचा सगळा प्रवास बोटीत मोठ्याने कुणी बोललं नाही. ज्यांची गावं आली ते खांद्यावर सामान घेऊन चोरासारखे उतरले. प्रत्येक घाटावर बोतोझारा चपला काढून पुढे यायचा, ट्रंकेवर हात ठेवायचा, गावाचं नाव सांगायचा, हे तुझं नव्हे म्हणायचा, आणि स्वतःच्या बाटलीतली रम पाण्यात सोडायचा. सोआमेना बाजूला सरून बसायची. तीही सारखी बोलत होती त्याच्याशी, हात टेकून, आई किती वाट बघतेय, बापाशेजारची जागा साफ केलीय, फाराला आता मुलगा झालाय. हाताखाली पत्रा गार होता, पण आता त्या गारव्याने तिला बरं वाटत नव्हतं. तो ऐकत होता. ऐकत होता आणि थांबून होता, जसा माणूस दाराबाहेर थांबतो. ऊन इतकं कडक, की सिमेंटच्या गोण्या फुटतील असं वाटावं, पण ट्रंकेखालचं लाकूड काही वाळलं नाही.

व्होआंगी शुक्रवारी सकाळी व्हातोमांद्रीला उतरली. जाताना ती सोआमेनाच्या कानाशी वाकली आणि म्हणाली, की त्याने काहीतरी विचारलंय आणि तू दुसरंच काहीतरी सांगत बसलीयस. मग टोपल्या डोक्यावर घेऊन निघून गेली.

आंबिनानी तिसऱ्या प्रहरी दिसू लागलं. घाटावर सगळं घराणं जमलं होतं. बायका गात होत्या. काठी घेतलेले थोरले चुलते पुढे, आणि त्यांच्या शेजारी खुर्चीत आई, नवं कापड गुंडाळून, मान उंच करून. बोतोझाराने इंजिन बंद केलं, टोपी काढली आणि कालपासून साठवलेला आवाज मोकळा सोडला.

"आंबिनानी! तोंबो, आलं गाव, उतर!"

चार चुलतभाऊ बोटीत चढले. त्यांनी कड्या धरल्या, जोर लावला, आणि एकमेकांकडे बघू लागले. ट्रंक हलली नाही. त्यांनी पुन्हा जोर लावला. बोट कलली, दोर ताणला गेला, एकाचा हात सोलवटला, पण ट्रंक लाकडाला खिळल्यासारखी तिथेच. गाणं आपोआप थांबलं.

चुलत्यांनी पाण्यात रम सोडली, पूर्वजांची नावं घेतली, पुन्हा उचलायला सांगितलं. नाही. मग त्यांनी काठी फळीवर आपटली आणि म्हणाले, की कुणीतरी काहीतरी धरून ठेवलंय, ज्याने धरलंय त्याने सोडावं.

"त्याला यायचंच नाहीये," आई खुर्चीतून म्हणाली. "तेव्हाही आला नाही. एकदा तरी विचारलं असतं पोराने."

बोतोझारा सोआमेनाकडे बघत नव्हता. तो दोराची गाठ बघत होता, जी नीट बसलेली होती. त्याला बोलता आलं असतं, आणि तो बोलणार नव्हता, हे तिला कळलं. एवढंच त्याने तिच्यासाठी ठेवलं होतं.

"विचारलं होतं त्याने, आई," सोआमेना म्हणाली.

ती ट्रंकेजवळून उठून फळीपाशी आली.

"घरात जागा आहे का, म्हणून निरोप पाठवला होता. मला मिळाला. मी उत्तर दिलं नाही. तुला सांगितलंही नाही. झाडांचा राग होता मला. आज देईन, उद्या देईन म्हणत राहिले, आणि तो गेला."

आईने तोंड आवाजाच्या दिशेने वळवलं. ते डोळे काही बघत नव्हते, तरी सोआमेनाला ते सोसवेनात.

"किती वेळा?" आईने विचारलं.

उत्तर बोतोझाराने दिलं, हलक्या आवाजात. तीन खेपा.

आई उठली. दोघींनी तिला धरून फळीवरून बोटीत आणलं. ती सोआमेनाच्या अगदी जवळून गेली, तिचं कापड सोआमेनाच्या हाताला लागलं. ती ट्रंकेपाशी ओल्या लाकडावर बसली आणि झाकणावरून हात फिरवू लागली, कपाळावरून फिरवावा तसा.

"जागा आहे रे बाळा," ती म्हणाली. "तेव्हाही होती. तुझी चटईसुद्धा मी कुणाला दिली नाही. चल, घरी चल."

चुलतभावांनी पुन्हा कड्या धरल्या. चौघे लागले नाहीत. दोघांनीच ट्रंक उचलली, आणि ती जड होती, माणूस जेवढा असतो तेवढी. फळी वाकली. बायकांनी गाणं पुन्हा धरलं, आणि सगळी मंडळी चढण चढू लागली. आईने एक हात ट्रंकेवर ठेवला होता आणि दुसरा हात धाकट्या सुनेच्या खांद्यावर. आजवर त्या चढणीवर तिने सोआमेनाखेरीज कुणाचा हात धरला नव्हता.

कुणीही मागे वळून पाहिलं नाही. अशा वेळी मागे बघायचं नसतं, हे खरंच आहे. पण सोआमेना फळीच्या या टोकाला उभी राहिली. तिला कुणी ये म्हणालं नव्हतं. नको, असंही म्हणालं नव्हतं. गाण्याचा आवाज केळींच्या आड गेला, मग घरांच्या आड गेला.

बोतोझाराने रिकामी बाटली धुऊन ठेवली, टोपी घातली.

"उतरायचं ना, फाराची आई? मला अंधाराच्या आत पुढचा घाट गाठायचाय."

तिने मान हलवली, पण पाऊल उचललं नाही.

"बोतोदादा, एवढं एक करा माझं," ती म्हणाली. "वर जाऊन आईला विचारून या. घरात जागा आहे का, म्हणावं."

त्याने तिच्याकडे पाहिलं. मग नुकतीच घातलेली टोपी पुन्हा काढली, फळीवरून उतरला आणि चढण चढू लागला, नऊ वर्षांपूर्वी चढायचा तसा, गुडघ्यावर हात टेकत. सोआमेना ट्रंक होती तिथे बसली. खालचं लाकूड अजून ओलं होतं. ती रस्त्याकडे बघत राहिली.